बांधावर न पडलेली पावलं

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा खाडीला नाव नव्हतं आणि खेकडे माणसांशी बोलायला लाजत नव्हते.

त्या खाडीच्या काठी एक गाव होतं. गावाची भाताची खाचरं भरतीच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर होती. मधे होता फक्त एक लांबलचक मातीचा बांध. बांधाच्या एका बाजूला समुद्राचं खारं पाणी, दुसऱ्या बाजूला गावाचं वर्षभराचं जेवण. विचार केला तर छातीत धस्स व्हावं. म्हणून बहुतेक लोक विचार करत नसत.

बांध सांभाळायला गाव दर तीन वर्षांनी एक राखणदार निवडत असे. निवडीच्या दिवशी देवळासमोर मडकी मांडायची आणि प्रत्येक मोठ्या माणसाने आपल्या पसंतीच्या मडक्यात एक शिंपली टाकायची. येणं सक्तीचं होतं. जो येणार नाही, त्याने आठवडाभर सगळ्या गावाचं पाणी भरायचं. म्हणून सगळे येत. त्या दिवशी तिथे मोठ्या कढईत भजी तळत, हेही येण्याचं एक कारण होतंच.

आणखी एक रीत होती. निवड झाली की तीन वर्षं राखणदाराने बोलावल्याशिवाय दुसऱ्या कुणी बांधावर पाय ठेवायचा नाही. पूर्वी कधीतरी लोक उठसूट बांधावर चढून राखणदाराला अक्कल शिकवत. भांडणं होत, डोकी फुटत. म्हणून वडीलधाऱ्यांनी ठरवलं होतं, "शिंपली टाकलीत ना? मग आता विश्वास ठेवा." बांधावर चढणं म्हणजे राखणदाराला तोंडावर खोटारडा म्हणणं. कित्येक पिढ्यांत कुणी चढलं नव्हतं.

बांधाला लागून, सगळ्यांत खालचं जे खाचर होतं, ते एका बाईचं होतं. ती पलीकडच्या तीरावरून आली होती. ते खाचर दुसऱ्या कुणाला नको होतं, म्हणून तिला मिळालं होतं. पान पडलं तरी ती दचकायची. गावाने तिचं नावच दचकी ठेवलं होतं, आणि तीही त्या नावाला ओ देत असे.

तेव्हाचा राखणदार वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगायला हवं. तो हळू बोलायचा, कुणाला दुखवायचा नाही. पहिल्या निवडीच्या वेळी त्याने सांगितलं होतं, "मी बांध हातभर उंच करीन. खेकड्यांची बिळं बुजवीन. आतल्या अंगाने दगड लावीन." तीन वर्षांत थोडी बिळं बुजली. दगड काही आले नाहीत. लोक नाराज झाले.

मग दुसरी निवड आली. तेव्हा समोर उभा राहिला तो एक मोठ्या आवाजाचा माणूस. गाव त्याला ओरड्या म्हणायचं. तो भजीच्या कढईशेजारी उभा राहून गर्जत होता, "बांध खचतोय तो पलीकडच्या तीरावरच्या लोकांमुळे! मला निवडा, आधी त्यांना हाकलतो, मग बांधाचं बघतो!"

ते ऐकून दचकीच्या हातातली भजी खाली पडली.

गावात तिच्यासारखी पंचवीसेक घरं होती. आणि बाकीच्यांनाही वाटलं, आज यांना हाकलतोय, उद्या आपल्याला हाकलेल. लोकांनी घाबरून पटापट जुन्या राखणदाराच्या मडक्यात शिंपल्या टाकल्या. मडकं भरलं, वरून सांडलं. एवढ्या शिंपल्या आजवर कुणालाच मिळाल्या नव्हत्या.

राखणदार त्या ढिगाकडे बघतच राहिला. त्याचे डोळे भरून आले. "एवढं प्रेम!" तो म्हणाला.

ती भीती होती. पण शिंपलीवर तसं लिहिलेलं नसतं.

त्यानंतर राखणदार फारच जपून वागू लागला. बांधावर दगड लावायचे तर दगड वाहायला माणसं लावावी लागतील, माणसं कुरकुरतील. बांध उंच करायचा तर कुणाच्या तरी खाचरातली माती घ्यावी लागेल, तो रुसेल. इतकं प्रेम मिळालंय, ते कशाला घालवा? तो सकाळी आपल्या राखणीच्या उंच माळ्यावर चढे, तिथून बांधाकडे लांबून नजर टाके, आणि संध्याकाळी उतरे. कुणी भेटलं तर गोड हसे. "काम चालू आहे," म्हणे.

एक वर्ष गेलं. ओट्याओट्यांवर बोलणी सुरू झाली.

"काय हो, तुमचा राखणदार दिसला का कुठे?"

"माझा कशाला? तुम्हीही त्याच्याच मडक्यात टाकलीत ना शिंपली?"

"टाकली. दुसरं काय करणार होतो?"

"तेच तर. बांधावर बसलेला बगळासुद्धा त्याच्यापेक्षा जास्त हालचाल करतो."

सगळे हसत. मग कुणीतरी म्हणे, "असू दे. पुढच्या निवडीला दाखवू त्याला." आणि सगळे माना डोलावून जेवायला उठत.

दुसऱ्या वर्षी भाद्रपद आला. भात पोटरीला आलं होतं. एका दुपारी दचकी खाचरात उतरली, तर बांधाकडच्या कोपऱ्यातली पाती टोकाला तांबूस झालेली. तिने पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

खारट.

तिने पुन्हा चाखलं. कदाचित आपल्याच घामाची चव असेल, म्हणून हात धुऊन तिसऱ्यांदा चाखलं. खारटच होतं.

बांधाच्या पायथ्याशी एका बिळातून बारीक धार येत होती. बिळाच्या तोंडाशी एक खेकडा बसला होता.

"अरे, हे तू काय केलंस?" दचकी म्हणाली.

"मी? मी घर बांधलं," खेकडा म्हणाला. "आमच्या आज्याच्या वेळी म्हणे इथे राखणदार रोज चालायचा. धप्‌ धप्‌ आवाज झाला की आम्ही लांब पळायचो. माती पण घट्ट व्हायची. आता दीड वर्ष झालं, वर एक पाऊल नाही. इतकी शांत जागा कुठे मिळते, बाई? माझे सगळे भाऊबंद आलेत राहायला."

"सगळे म्हणजे किती?"

खेकड्याने नांग्या वर केल्या, मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. "बांध काय आता," तो म्हणाला, "वरून तेवढा बांध आहे. आत सगळी आमची घरंच."

दचकी तशीच चिखलाच्या पायांनी माळ्याखाली गेली. तिथून ती दोनदा माघारी फिरली. शेवटी हाक मारली, "दादा!"

राखणदार खाली डोकावला. "काय गं, आज कशाला दचकलीस?"

"दादा, माझ्या खाचरात खारं पाणी शिरतंय. बांध आतून पोकळ झालाय. पौर्णिमेला उधाण आहे. तुम्ही एकदा चालून बघा ना."

"बघतो. काम चालू आहे."

"कुठलं काम, दादा?"

हे वाक्य आपल्याच तोंडून निघालं, हे कळून दचकी स्वतःच घाबरली. राखणदाराचं हसू जरा आकसलं.

"गावाने माझं मडकं भरून सांडवलं, विसरलीस? लोक खूश नसते तर टाकल्या असत्या का एवढ्या शिंपल्या? आणि तू असं गावभर बोलत सुटलीस, तर फायदा कुणाचा होईल, ठाऊक आहे ना? ओरड्याचा. मग आणूया का त्याला? तुलाच पहिली बाहेर काढील तो."

ते खरं होतं. आणि खाचरातलं पाणी खारट होतं, हेही खरं होतं. दोन खऱ्या गोष्टींच्या मधे ती उभी होती, आणि तिला पाय ठेवायला जागा नव्हती.

ती शेजारच्या म्हातारीकडे गेली. म्हातारी गावात सगळ्यांत वयस्कर, सगळे तिला आजी म्हणत.

"आजी, चला ना सगळे मिळून त्याला सांगू."

आजी सुपाने तांदूळ पाखडत होती. "अगं, दीड वर्ष राहिलंय निवडीला. तेव्हा काय ते बघू."

"पौर्णिमा चार दिवसांवर आहे."

"तुझं खाचर सगळ्यांत खाली, म्हणून तुला वाटतं तसं. आमच्याकडे तर पाणी गोड आहे."

दचकी आणखी सात घरी गेली. कुणी म्हणालं, तू सगळ्यालाच घाबरतेस. कुणी म्हणालं, हळू बोल, ओरड्या ऐकेल. शिव्या मात्र सगळ्यांनीच दिल्या राखणदाराला. दार लावून घेऊन, पोटभर दिल्या.

पौर्णिमेला ऐन दुपारी भरती चढू लागली. दचकी खाचराच्या कडेला उभी होती. बिळातली बारीक धार आता मनगटाएवढी झाली होती. थांबलं तर वर्षाचं भात गेलं. चढलं तर गाव वाळीत टाकेल, ओरड्याला आयतं कोलीत मिळेल, आणि मग कुठे जायचं? पलीकडच्या तीरावर आता तिचं कुणी नव्हतं.

तिने टोपलीत चिखल भरला, डोक्यावर घेतला आणि ती बांधावर चढली.

"चढली! दचकी बांधावर चढली!" कुणीतरी ओरडलं. गाव धावत आलं. राखणदार माळ्यावरून उतरला. एवढ्या घाईने उतरताना त्याला कित्येक महिन्यांत कुणी पाहिलं नव्हतं.

"उतर खाली!" तो बांधाच्या पायथ्याशी येऊन म्हणाला. त्याचा हळू आवाज पहिल्यांदा चढला होता. "मी तुझ्यासाठी काय कमी केलं?"

"तुम्ही वर या," दचकी रडत म्हणाली. "दादा, हात जोडते, एकदा वर या. पायाखाली काय लागतंय ते बघा."

ओरड्या हात बांधून लांब उभा होता. "बघा, बघा! त्याचीच माणसं त्याच्यावर उलटली! मी म्हणत नव्हतो?" तो म्हणाला. त्याने मूठभर माती काही उचलली नाही.

राखणदार वर चढला. चार पावलं टाकली, आणि पाचव्या पावलाला त्याचा पाय मांडीपर्यंत आत गेला. तो पाय ओढून काढेपर्यंत त्या भगदाडातून पाण्याचा आवाज येऊ लागला. त्याने खाली उभ्या असलेल्या गावाकडे पाहिलं. सगळ्यांच्या हातात टोपल्या होत्या. घरातून निघताना आपोआप उचलल्या होत्या लोकांनी. पण रीत होती. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

'या' म्हणायचं होतं. एवढंच. पण 'या' म्हणणं म्हणजे गेलं दीड वर्ष आपण काही केलं नाही, असं सगळ्यांसमोर म्हणणं. त्याचे ओठ हलले. आवाज आला नाही. एखादा माणूस एक पेला पाणी पिईल, तेवढाच वेळ तो थांबला असेल.

तेवढ्या वेळात बांध फुटला.

आधी बैलगाडी जाईल एवढी खिंड पडली. पाणी दचकीच्या खाचरात कोसळलं आणि पोटरीतलं भात मुळासकट आडवं झालं. मग शेजारच्या खाचरात शिरलं. मग त्याच्या शेजारच्या.

"मेली ती रीत!" असं म्हणून आजी पदर खोचून बांधावर चढली. तिच्यामागे सगळं गाव चढलं. माती टाकली, पेंढा टाकला, दारं काढून आणून आडवी लावली, माणसं कमरेएवढ्या पाण्यात साखळी करून उभी राहिली. राखणदारही त्यात होता, सगळ्यांत पुढे, जिथे धार सगळ्यांत जोरात होती. ओहोटी लागली तेव्हा खिंड बुजली होती. वरची खाचरं वाचली. खालची अकरा गेली.

थकलेला राखणदार चिखलात बसला. "इतकं झालं होतं तर," तो लोकांना म्हणाला, "मला कुणी सांगितलं का नाही?"

"मी सांगितलं होतं," दचकी म्हणाली.

कुणी तिच्याकडे बघेना. राखणदारही नाही, आजीही नाही, ती सात घरंही नाहीत. जो तो आपल्या पायाकडे बघत राहिला.

राखणदाराला गावाने मुदतीआधी काढून टाकलं नाही, आणि ओरड्यालाही आणलं नाही. त्यांनी एवढंच ठरवलं की यापुढे दर अमावास्येला आणि पौर्णिमेला सगळं गाव राखणदाराबरोबर बांधावरून चालेल, आणि चालताना ज्याला जे विचारायचं ते तो मोठ्याने विचारील. पहिल्या दिवशी लोकांनी इतके प्रश्न विचारले की राखणदाराला घाम फुटला. दुसऱ्या दिवसापासून त्याने दगड वाहायला माणसं लावली. माणसं कुरकुरली. दगड मात्र आले.

पण समुद्राचं पाणी एकदा शिरलं की मातीतलं मीठ लवकर निघत नाही. पावसानेच ते हळूहळू धुवावं लागतं. पुढचे तीन पावसाळे दचकीने त्या खाचरात रोपं लावली, आणि तिन्ही वर्षं ती लावल्या जागी पिवळी पडली. ती तीन वर्षं दचकी शेजाऱ्यांनी दिलेलं भात खात होती, आणि ते देताना शेजारी तिच्या डोळ्यांत बघू शकत नव्हते.

तात्पर्य : कारभारी निवडला म्हणजे आपलं काम संपत नाही, त्याला विचारत राहण्याचं काम त्याच दिवशी सुरू होतं.