पाचव्या गावाचं शिंग

एक होता डोंगर आणि त्याच्या पायथ्याला होती पाच गावं. चार गावं मावळतीच्या अंगाला एकमेकांना खेटून, पाचवं तेवढं एकटं, उगवतीला.

या पाचव्या गावात पंचही पाच. त्यांतली एक गवळण. नवरा गेला, पोटी मूल नव्हतं, म्हणून त्याची पंचायतीतली जागा तिच्याकडे आली. तिचा गोठा गावाच्या सगळ्यात वर, डोंगराला चिकटलेला. गोठ्यात नऊ गाई. तेच तिचं घर आणि तेच गणगोत. बाई कामाला खमकी, पण स्वभावाची भारी भित्री. चुलीत लाकूड तडकलं तरी दचकायची. दुसरा पंच लोहार. तो म्हणायचा, "गवळणबाई असल्यावर गावाला कुत्रं पाळायची गरज नाही!"

एका उन्हाळ्यात मावळतीच्या उतारावर वणवा लागला. चार गावांच्या गंज्या जळाल्या, दोन माणसं गेली. तेव्हा ती गावं शहाणी झाली आणि एकत्र बसली. पावसाळा सरल्यावर त्यांनी एका म्हाताऱ्या धनगराला पाचव्या गावाकडे धाडलं.

त्या मुलखाची एक रीत होती. बाहेरगावचा माणूस मागणं घेऊन आला, की पंचांपुढे तबकात विडे मांडायचा. एका पंचानं जरी विडा उचलला, तरी गाव गोळा करून त्या मागण्याचा विचार करावा लागे. कुणीच उचलला नाही, तर तोच नकार. तोंडानं 'नाही' म्हणायचं पापही कुणाला लागत नसे.

धनगरानं पारावर तबक ठेवलं. पाच पंच, पाच विडे.

"मंडळी, सुगी उरकली की दरसाल प्रत्येक गावानं दहा माणसं द्यायची," तो म्हणाला. "डोंगराला वेढा घालून गवत कापायचं, मोकळा पट्टा राखायचा. आग तिथं अडते. आणि ज्याला आग दिसेल त्यानं शिंग फुंकायचं, बाकीच्यांनी धावायचं. कसं फुंकायचं ती खूण पाची गावं बसून ठरवू. नाहीतर उन्हाळा म्हणजे लगीनसराई, शिंग काय रोजच वाजतं."

पाटलानं मिशीवरून हात फिरवला. "धनगरबाबा, वणवा लागतो तो तुमच्या अंगाला. आमच्या आड अख्खा डोंगर उभा आहे. आमची माणसं तुमच्या गवतात कशाला राबवू?"

"आणि नाव होणार चार गावांचं!" लोहार म्हणाला. "आम्ही आपले पाचवे. ताटातली चटणी!"

पार हसला. गवळण हसली नाही. गाई घेऊन ती रोज डोंगर चढायची. यंदा गवत कमरेच्या वर गेलं होतं आणि माथ्यापासून सलग तिच्या गोठ्याच्या कुडापर्यंत उतरलं होतं. आगीला खाली यायला वाट विचारावी लागणार नव्हती. हे गावात फक्त तिनं पाहिलं होतं.

तिचा हात हळूच तबकाकडे सरकला.

"अगं बाई!" लोहार ओरडला. "जपून हो, गवळणबाई! साप नाही तो, विडा आहे!"

पार पुन्हा खदखदला. गवळणीचा हात जागच्या जागी वळला आणि त्यानं डोक्यावरचा पदर सारखा केला.

धनगर तेवढा हसला नाही. त्यानं विचारलं, "बाई, काही म्हणायचंय का?"

तिच्या जिभेवर सगळं होतं. गवत, कूड, नऊ गाई.

"नाही... काही नाही," ती म्हणाली.

पारावरचं ऊन उतरलं. धनगरानं विडे फडक्यात बांधले. "पट्टा तुमच्या शिवेपाशी थांबेल," तो म्हणाला आणि निघून गेला.

चार गावांनी पट्टा कापला. तो शिवेपाशी थांबला. गवळणीनं मग एकटीनंच विळा घेऊन गोठ्याभोवतीचं गवत कापायला घेतलं. दोन दिवस कापलं. तिसऱ्या दिवशी वाटेनं जाणाऱ्या बायका म्हणाल्या, "काय गं, वाघ येणार का आज?" तिनं विळा घरात नेऊन ठेवला.

चैत्र आला. भर दुपारी, वारा मावळतीकडून सुटलेला असताना, उगवतीच्या उतारावर वरच्या गवताला आग लागली. कशानं, ते आजवर कुणाला कळलं नाही. धूर पुढं उगवतीकडे उडून गेला, डोंगरापलीकडच्यांना दिसलासुद्धा नाही. गवळण धापा टाकत खाली आली. "आग! आग!"

"आज काय, काजवा दिसला?" लोहार म्हणाला. मग त्यानं वर पाहिलं, आणि हातातला घण टाकून पळत सुटला.

गावच्या शिंगवाल्या म्हाताऱ्यानं शिंग तोंडाला लावलं. त्याला एकच फुंक ठाऊक होती, लांबलचक, लग्नातली. तो फुंकत राहिला. ओढा कोरडा पडला होता. विहिरीवरून घागरी चढेपर्यंत आग कुडाला भिडली. गवळणीनं धुरात शिरून पाच दावी सोडली. चार राहिली. त्या चार गाईंचं हंबरणं साऱ्या गावानं ऐकलं. मग ते थांबलं. पुढं आग घराघरानं खाली उतरत गेली. शिंगही थांबलं. म्हातारा पारावर आडवा झाला होता, तो पुन्हा उठला नाही.

उन्हं कलली तेव्हा चार गावांची माणसं आली.

आली ती अंघोळी करून. डोक्याला फेटे, अंगावर ठेवणीतली लुगडी, हातात आहेराची बोचकी. शिंग ऐकलं की लग्नाला जायचं, वेगळं आवतण लागत नसे. "कुणाचं लगीन हो?" वळणावरून कुणीतरी हसत हाक दिली. पुढच्या पावलाला त्यांना जळालेली घरं दिसली.

धुवट धोतरातला धनगर पुढं आला.

"तीनदा तोडून तोडून फुंकायचं, अशी खूण ठरवली होती आम्ही. तुमचं शिंग लांब वाजत होतं. ते थांबलं, तेव्हा आम्ही म्हटलं, अक्षता पडल्या. चला, पाय उचला."

लोहाराचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. ते तसेच पुढं धरून तो गवळणीजवळ आला.

"बाई, त्या दिवशी माझाही हात शिवशिवत होता. तुम्ही उचललात तर मी उचलणार होतो. भीती वाटली, म्हणून तर थट्टा केली."

गवळणीच्या मुठीत जळक्या टोकाचं एक दावं होतं.

एवढ्यात वर गोठ्याचं आढं कडाडून कोसळलं. आलेली, राहिलेली, सगळी माणसं दचकली. गवळण तेवढी दचकली नाही.

तात्पर्य एवढंच: शेजारी हाकेला धावतात, पण हाकेची खूण आधी एकत्र बसून ठरवावी लागते. आणि ज्याला धोका दिसला आहे, त्यानं चार लोक हसतील म्हणून हात मागे घेऊ नये.