लाल हातांची भिंत

पूर्वी गोदावरीच्या काठी अश्मक देशात महीसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका कुंभाराच्या घरी जन्मला. त्याचे नाव भद्रक. कुंभाराच्या पोराला अक्षरओळख व्हावी असा काही तो काळ नव्हता. पण त्याच्या गावात एक म्हातारे गुरुजी होते आणि त्यांना कोणाला नाही म्हणता येत नसे. त्यांनी भद्रकाचे चिखलाने माखलेले बोट आपल्या हातात धरले आणि धुळीत पहिले अक्षर काढून घेतले.

पुढे भद्रक राजाच्या सेनेत शिरला आणि चढत चढत तळ ठरवणारा अधिकारी झाला. तरी ते बोट धरणे तो विसरला नाही. राजाज्ञा वाचताना, कुणा सैनिकाच्या घरचा निरोप वाचून दाखवताना तो आधी क्षणभर डोळे मिटून हात जोडी. सोबतचे अधिकारी त्याची थट्टा करीत. "वाचायला घेतलंयस की जेवायला बसलायस?" असे विचारीत. भद्रक हसून म्हणे, "दोन्ही कुणीतरी वाढलं म्हणूनच मिळतं ना!"

त्याचे काम असे होते. सेना एखाद्या गावाजवळ पोचण्याआधी तो पुढे जाई, कोणती घरे सैन्यासाठी घ्यायची ते पाही आणि ओल्या चुन्यात हात बुडवून त्या घराच्या भिंतीवर पंजाचा ठसा उठवी. सैनिकांना वाचता येत नव्हते, पण हात सगळ्यांना कळतो. पांढरा हात उठला की घर सैन्याचे झाले, घरच्यांनी चंबूगबाळे आवरायचे. हात नसलेल्या घरात मात्र कोणी पाऊल टाकायचे नाही. नदीपलीकडच्या मूलक देशाच्या सेनेतही हीच रीत होती, फक्त ते चुन्याऐवजी गेरू वापरीत. त्यांचा हात लाल.

एका उन्हाळ्यात या दोन राजांचे कशावरून तरी बिनसले. कारण कोणी लक्षात ठेवलेले नाही, यावरूनच ते किती मोठे असेल ते समजावे. अश्मकांची सेना नदीच्या उताराकडे निघाली. तिथे पाणी उथळ होते आणि पायी पलीकडे जाता येई. उतार कोसभर राहिला असताना पुढे गेलेला हेर धापा टाकीत परत आला.

"सेनापती, घात झाला! उतारावरच्या टेकाडावर एक मोठं आवार आहे, भोवती पुरुषभर उंचीची भिंत. आणि भिंतीवर लाल हात! एक नाही, दोन नाही, भिंतच्या भिंत लाल आहे. मूलकांची अख्खी फौज आत बसली असणार."

सेनापतीचे नाव चंडक. माणूस नावासारखाच होता, पण दुष्ट नव्हता. आपल्या सैनिकांवर त्याचा जीव होता आणि त्यांना उघड्यावर बाणांच्या तोंडी द्यायची त्याची तयारी नव्हती. त्याने लगेच ठरवले. जवळ जायचेच नाही, लांबूनच पेटते बाण सोडून ते आवार जाळून टाकायचे.

भद्रक पुढे झाला. "सेनापती, एवढे हात एका भिंतीवर कोणी कशाला उठवील? एका घराला एक हात पुरतो. मला आधी बघून येऊ द्या. न बघता घर घ्यायचं नाही, हे माझं काम आहे. मग न बघता जाळायचं तरी कसं?"

"जा," चंडक म्हणाला, "पण सूर्य माथ्यावर आला की मी वाट बघणार नाही."

भद्रक शस्त्र न घेता, चुन्याचे गाडगे तेवढे काखेला मारून निघाला. टेकाड चढताना त्याच्या कानावर आवाज आला. पुष्कळ पोरे एका सुरात काहीतरी घोकत होती. मधेच कोणाचे तरी चुकले आणि सगळा सूर हसण्यात बुडाला. भद्रकाने भराभर पावले उचलली. तो भिंतीशी पोचला आणि एका लाल ठशावर त्याने आपला तळहात ठेवला. ठसा दिसेनासा झाला, एवढा तो लहान होता. जवळजवळ सगळे ठसे त्याच्या कमरेच्या खालीच होते.

"ओ काका! चुन्याचे हात आमच्या भिंतीला लावायचे नाहीत!"

फाटकात एक मुलगी कमरेवर हात ठेवून उभी होती. तिचे नाव सोमिला. तिच्या मागून काठी टेकीत आचार्य आले. त्यांचे नाव सुनेत्र असले तरी त्यांना आता समोरचे माणूस आवाजावरूनच ओळखता येई. त्यांनी समजावून सांगितले, की ही शाळा आहे. पोर पहिल्या दिवशी आले की त्याचा हात गेरूत बुडवून भिंतीवर उठवायचा, अशी इथली चाल आहे. ज्याचा हात भिंतीवर, त्याची जागा आत.

"आचार्य, सैन्यात लाल हाताचा अर्थ काय होतो ते तुम्हाला ठाऊक नाही का?" भद्रकाने विचारले आणि तो अर्थ सांगितला.

म्हाताऱ्याने काठीने भिंत चाचपली. मग म्हणाला, "राजेलोक हात उठवून लोकांची घरं घेतात, हे आम्हाला कोण सांगणार बाबा? आमच्याकडे हात उठवला की जागा मिळते, जात नाही."

मुले दोन्ही काठांवरची होती. लढाईची हूल उठल्यावर आईबापांनी त्यांना मुद्दाम इथे आणून ठेवले होते. शाळेला कोण हात लावणार, असे त्यांना वाटले होते. भद्रक तसाच मागे वळला आणि उतरत्या वाटेने धावत सुटला.

त्याने सांगितलेले ऐकून चंडकाचा चेहरा उजळला. "म्हणजे आत शत्रू नाही! मग तर देवच पावला. त्या भिंतीआडून सगळा उतार आपल्या बाणांच्या टप्प्यात येतो. पोरांना बाहेर काढ आणि आपला हात उठव."

"सेनापती, लाल हात शत्रूचा समजून आपण आत्ता ती मुलं जाळणार होतो. पांढरा हात बघून उद्या ते जाळतील. भिंत तीच राहील आणि मुलंही तीच."

"मुलं बाहेर असतील म्हटलं ना!"

"बाहेर म्हणजे कुठे? दोन्ही बाजूंना सैन्य आहे. त्यांना जायला जागा असती तर ती इथे आलीच नसती. मी हात उठवणार नाही."

युद्धात तळाची आज्ञा मोडणाऱ्याचा हात तोडावा, असा नियम होता आणि तो सर्वांना माहीत होता. चंडकाने तलवार उपसली. भद्रकाने गाडगे खाली ठेवले, उजवा हात पुसला आणि पुढे केला. त्याला भीती वाटली नाही असे नाही.

"घ्या," तो म्हणाला. "हा हात माझा म्हणायचा तरी कसा? एका म्हाताऱ्याने याला धरून अक्षर शिकवलं, म्हणून मी माणसांत आलो. त्याने शिकवलेल्या हाताने मी शाळा बंद केली, तर हा हात ठेवून तरी काय करू?"

इतक्यात राजाचा हत्ती पोचला. मागे राहिलेल्या राजाला झाला प्रकार कळला. महीसेनाने त्या पुढे केलेल्या हाताकडे पाहिले. मग म्हणाला, "ज्या भिंतीसाठी माणूस आपला हात देतो, ती भिंत मला दाखवा."

राजा टेकाडावर आला. उतार पाहून त्यालाही चंडकाचे म्हणणे पटले. तो भद्रकाला म्हणाला, "ही जागा सोडली तर माझी माणसं मरतील."

"काही मरतील, महाराज, खोटं कसं सांगू? खालच्या अंगाला चिकणमातीचा काठ आहे. तिथे ऊन आहे, आडोशाला बांध घालायचे कष्ट आहेत. पण मी कुंभाराचा आहे, बांध पक्का घालून देईन. सैनिकाला निदान आपण कशासाठी उभे आहोत ते माहीत असतं. या मुलांना तेही माहीत नाही."

राजाने फाटकातल्या सोमिलेला जवळ बोलावले. "पोरी, तू कोणाची? माझ्या राज्यातली की पलीकडची?"

सोमिलेने विचार केला. "मी दुसऱ्या रांगेतली," ती म्हणाली.

"आणि ती तुझ्या शेजारची?"

"तीही दुसऱ्या रांगेतलीच. पण ती बोलते फार."

राजाला हसू आले. हसता हसता त्याचे डोळे भरले. त्याने चंडकाला तलवार म्यान करायला सांगितले आणि सर्वांसमक्ष आज्ञा दिली, की अश्मकांच्या सेनेने कोणत्याही शाळेत तळ देऊ नये, चुन्याचे गाडगे शाळेच्या आसपासही नेऊ नये. चंडक पुटपुटत राहिला, पण भद्रकासोबत चिखल तुडवायला सर्वांत आधी तोच उतरला.

मूलकांचे काय, हा प्रश्न उरलाच होता. राजाची परवानगी घेऊन भद्रक रिकाम्या हातांनी नदी ओलांडून गेला आणि तिकडच्या तळ ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला भेटला. तो कपाळाला हात लावून बसला. "अरे, पलीकडच्या भिंतीवर लाल हात दिसले, तेव्हा मला वाटलं आमच्यातलाच कोणी आगाऊ जाऊन जागा धरून आलाय. मी तर आज संध्याकाळी तिथे धनुर्धारी पाठवणार होतो!" तो उठला आणि गेरूचे मडके त्याने नदीत रिते केले. पाण्यात लाल रेघ उमटली आणि वाहून गेली. आपल्या राजाला सांगून त्याने शाळा न घेण्याचा तोच नियम तिकडे लागू करून घेतला. तेव्हापासून मूलकांची सेना काजळीचा काळा हात उठवू लागली. लाल रंग दोन्ही देशांत मुलांना राहिला.

लढाई टळली नाही. ती खालच्या अंगाला झाली आणि दोन्हीकडची माणसे पडली. पण शाळेत एकही बाण गेला नाही, आणि घोकंपट्टी एक दिवसही थांबली नाही. जखमी सैनिक पडल्या पडल्या ती ऐकत असत.

दोन्ही राजे थकून तह झाला, तेव्हा आयाबाया मुलांना न्यायला आल्या. सोमिलेच्या शेजारी बसणाऱ्या त्या बडबड्या मुलीची आई पलीकडच्या काठावरून आली होती. लेकीला उराशी धरून ती भद्रकासमोर येऊन उभी राहिली.

"माझा धनी तुमच्या बाणाने गेला," ती म्हणाली. "लेक तुमच्यामुळे राहिली. तुम्हाला शिव्या देऊ की तुमच्या पाया पडू, मला कळत नाही."

भद्रकच वाकला आणि त्याने तिच्या पायांवर डोके ठेवले. मग त्याने राजाच्या हाती आपले पद परत केले आणि उरलेले आयुष्य त्या शाळेत मुलांची बोटे धरण्यात घालवले.

ही पूर्वजन्मीची कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, वर्तमानाशी मेळ घालून दिला. त्या वेळचा राजा महीसेन म्हणजे आजचा शिष्य आनंद. आचार्य सुनेत्र म्हणजे विहारात लहान श्रामणेरांकडून, म्हणजे शिकाऊ भिक्षूंकडून, पाठ करून घेणारे वृद्ध स्थविर. चंडक म्हणजे त्यांच्यासाठी रोज अंगण झाडणारा भिक्षू. सोमिला आणि तिची सोबतीण म्हणजे समोर बसलेल्या दोन भिक्षुणी. आणि भद्रक म्हणजे मीच, असे त्यांनी सांगितले.

मग शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तुम्ही ज्या ओसरीवर अक्षर शिकलात, तिच्या दाराशीही कोणीतरी कधीतरी उन्हात उभे राहिले असेल. तुम्ही आत हसत होता, म्हणून तुम्हाला ते कळले नाही. त्याचे नाव तुम्हाला सांगता येणार नाही. तुम्ही आता दुसऱ्या कुणाच्या दाराशी उभे राहा. यालाच कृतज्ञता म्हणतात."