हिरवा ठिपका

एकदा एका उष्ण नगरात रस्ते झाडणाऱ्यांच्या मनगटांवर घड्याळे आली. ती नुसती वेळ दाखवणारी घड्याळे नव्हती. माणूस कुठे आहे, चालतो आहे की थांबला आहे, त्याचा हात हलतो आहे की नाही, हे सारे ती दूर बसलेल्या कुणाला तरी कळवत. सफाईचा ठेका घेणाऱ्या व्यापाऱ्याचे म्हणणे सरळ होते. पगार कामाचा असतो, बसण्याचा नसतो. माणूस खोटे बोलेल, मुकादम त्याला सांभाळून घेईल, घड्याळ मात्र कुणाचे मिंधे नसते.

दूर बसलेला तो कुणीतरी म्हणजे एक तरुण होता. नगरातल्या एका वृद्ध गुरुजींचा तो शिष्य. गुरुजी वाचनालयाच्या ओसरीवर बसून पोरांना शिकवत, आणि ज्याच्यावर त्यांनी सर्वांत जास्त जीव लावला, तो हाच. दुष्ट माणसाची गोष्ट सांगायची असती तर सोपे होते. हा सज्जन होता. पूर्वी हजेरी लागावी म्हणून बायकांना मुकादमाची मिनतवारी करावी लागे. घड्याळे आल्यापासून ती संपली, म्हणूनच त्याने ही नोकरी धरली होती. आपल्या हातून काहीतरी न्याय्य घडते आहे असे त्याला मनापासून वाटे.

त्याच्या स्वतःच्या मनगटावरही एक घड्याळ होते, जरा भारीतले. ते त्याला आईसारखे जपे. पाणी पी म्हणे, दीर्घ श्वास घे म्हणे, बराच वेळ बसलास, आता जरा ऊठ, चार पावले टाक म्हणे. दोन्ही यंत्रे एकाच घराण्यातली. एक खुर्चीतल्याला ऊठ म्हणे, दुसरे रस्त्यावरच्याला बसू नकोस म्हणे. शिष्याला हे कधी खटकले नाही. आपल्यालाही खटकत नाही.

त्याच्यासमोर भिंतीएवढा पडदा असे. त्यावर नगराचा नकाशा, आणि नकाशावर प्रत्येक झाडणाऱ्याचा एक ठिपका. खराट्याचा हात हलत असेतो ठिपका हिरवा. हात थांबला की काही वेळाने पिवळा, आणि तरीही हलला नाही की लाल; हाच रंग त्याच्या मनगटावरच्या घड्याळातही दिसे. ठिपका लाल झाला की शिष्याने एक कळ दाबायची. त्या माणसाच्या मनगटावर घड्याळ थरथरे, आणि बहुतेक वेळा ठिपका लगेच हिरवा होई. नाही झाला तर अर्धा दिवस खाडा.

वैशाखातल्या एका सकाळी भाजीबाजाराच्या मागच्या भिंतीपाशी एक ठिपका लाल झाला. शिष्याने कळ दाबली. काही झाले नाही. त्याने पुन्हा दाबली. थोड्या वेळाने ठिपका हिरवा झाला, तेव्हा त्याला बरे वाटले. चला, एकीचा अर्धा दिवस वाचला. तो चहा घेऊन आला तर ठिपका पुन्हा लाल. मग पुन्हा हिरवा. असे दोन-तीनदा झाले. ही बाई आज आपली गंमत करते आहे, असे म्हणून त्याने अखेर खाडा मांडला आणि दुसऱ्या भागाकडे वळला. दुपारी मुकादमाचा फोन आला. झाडणारी म्हातारी भिवराबाई त्या भिंतीला टेकलेली सापडली होती. तिला उन्हाने गाठले होते. इस्पितळातल्या डॉक्टरांनी एवढेच म्हटले की थोडं आधी आणलं असतं तर, आणि ते वाक्य डॉक्टर कधीच पुरे करत नाहीत.

कुणी शिष्याला बोल लावला नाही. व्यापाऱ्याने तर त्याची पाठ थोपटली. आपली यंत्रणा अचूक चालली, तिने सकाळीच दाखवले होते की बाई हलत नाही, असे तो म्हणाला. भिवराबाईचे घड्याळ पुसून दुसऱ्या दिवशी नव्या बाईच्या हातात बांधले गेले.

शिष्याला जेवण गोड लागेना. तो निराळ्या मार्गाने धावला, शिकलेली माणसे धावतात तसा. त्याने एका नव्या घड्याळाची माहिती काढली. ते नाडी मोजे, अंगाचा ताप मोजे, आणि नाडी अडखळली की गजर करी. त्याने व्यापाऱ्याला पटवले. व्यापाऱ्यालाही ते आवडले, कारण नगरभर फलक लावण्यासारखी ती गोष्ट होती. मग शिष्य गुरुजींकडे गेला. सांगायला म्हणून गेला, पण खरे तर एक वाक्य ऐकायला गेला होता. गुरुजींनी एकदा म्हणावे, बाळ, यात तुझा दोष नाही. एवढे मिळाले की तो पुन्हा झोपू शकणार होता.

गुरुजींनी सगळे ऐकून घेतले. भिवराबाई कुठे बसली होती ते नेमके विचारले. ते वाक्य मात्र ते बोलले नाहीत.

"तुझ्याकडे एखादं जुनं घड्याळ शिल्लक आहे का?" त्यांनी विचारले. "नवं नको. तिच्या हातात होतं तसलंच."

"कशाला, गुरुजी?"

"बांधून बघतो. या वयात हौस."

शिष्य हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. त्याने घड्याळ आणून त्यांच्या सुरकुतल्या मनगटावर स्वतः बांधले, पट्टा सैल होत होता म्हणून आणखी एक भोक पाडले. तुमचा ठिपका मला दिसेल बरं का, लबाडी चालायची नाही, असे वर बजावलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर एक नवा ठिपका वाचनालयापासून निघाला. शिष्य कौतुकाने पाहत होता. म्हातारा झपाट्याने चालतो आहे, असे तो शेजारच्या खुर्चीतल्या सहकाऱ्याला सांगतही होता. ठिपका भाजीबाजाराला वळसा घालून मागच्या भिंतीपाशी गेला, आणि थांबला.

पिवळा झाला. शिष्याला वाटले, दम खात असतील.

लाल झाला. शिष्याचे बोट सवयीने कळेवर गेले, आणि त्याने ती दाबली. मग तो ताठ बसला. तेवढ्यात ठिपका हिरवा झाला. त्याने सुस्कारा सोडला. गुरुजी उठले, आता परततील. पण ठिपका जागचा हलला नाही. पुन्हा पिवळा, पुन्हा लाल. बाहेर तेच ऊन होते. त्याने फोन उचलला नाही, कुणाला विचारले नाही. धावत खाली गेला, मिळाली ती दुचाकी काढली आणि बाजारातली माणसे शिव्या देत बाजूला होत असताना त्या भिंतीशी पोहोचला.

गुरुजी भिंतीला टेकून बसले होते. सदरा घामाने अंगाला चिकटलेला, डोळे मिटलेले. त्याने खांदा धरताच ते उघडले.

शिष्याने आधी त्यांना पाणी पाजले. मग त्याला रडू आले, आणि रडू येऊ नये म्हणून तो रागावला. या वयात, या उन्हात असली परीक्षा कसली घेता, काही झाले असते तर मी कुणाला तोंड दाखवले असते, असे बरेच काही बोलला. गुरुजींनी ते सारे संपू दिले.

"तुला कसं कळलं?" त्यांनी विचारले.

"ठिपका लाल झाला."

"आत्ता पडद्यावर आणखी कुठे लाल होते?"

शिष्याने आठवले. होते. दोन होते. एक स्टेशनच्या रस्त्याला, एक नाल्यापाशी. त्याने त्यांच्याकडे पाहिले होते आणि त्याच वेळी पाहिले नव्हते.

"मधे एकदा माझा हिरवा झाला असेल," गुरुजी म्हणाले.

"हो. मला वाटलं तुम्ही उठलात."

"मी उठलो नव्हतो. इथून एक झाडणारी बाई गेली. कौतिकाबाई नाव तिचं. माझ्या हातातलं घड्याळ बघून दचकली. म्हणाली, 'बाबा, नवे लागलात का? असं बसू नका, हात हालवत राहा, नाहीतर खाडा पडंल.' मला उठता येईना असं वाटलं तिला. तर तिनंच माझं मनगट धरलं आणि खराटा मारल्यासारखं हलवलं. बराच वेळ हलवलं. मग म्हणाली, 'झालं हिरवं, आता पडा घटकाभर,' आणि निघाली. मी विचारलं, बाई, घोटभर पाणी आहे का? ती म्हणाली, 'हाय की, गाडीवर हाय, पण थांबले तर माझं लाल हुईल.' "

शिष्य ऐकत होता. पुढे काय येणार हे त्याला दिसले, पण ते थांबवता येत नव्हते.

"जाता जाता सांगून गेली," गुरुजी म्हणाले. "भिवरा इथंच बसलेली. डोळा लागलाय वाटलं तिला. दर फेरीला आली, मैत्रिणीचा हात हलवला आणि गेली. शेवटच्या फेरीला हात गार लागला, म्हणाली."

बाजारातून कुणीतरी कांद्याचा भाव ओरडत होते. शिष्य भिंतीशी मटकन बसला.

"म्हणजे भिवराबाईचा ठिपका हिरवा व्हायचा तो असा," तो म्हणाला.

गुरुजींचा आवाज कठोर नव्हता. कठोर असता तर बरे झाले असते.

"बाळ, तू मला सांगायला आलास की नाडी मोजणारं घड्याळ आणलं की पुन्हा असं होणार नाही. मी सांगतो, जुन्या घड्याळात काही कमी नव्हतं. माझी नाडी तुला कुठे दिसत होती? एक ठिपका हलत नाही एवढंच त्यानं सांगितलं. म्हातारा आहे, ऊन आहे, एकटा आहे, हे तुझं तू जोडलंस आणि धावलास. भिवराबाईही म्हातारी होती. ऊनही हेच होतं. तिच्या वेळी ते जोडावं असं तुला सुचलं नाही, कारण तिचं थांबणं म्हणजे कामचुकारपणा, हे आधीच ठरलं होतं. नवं घड्याळ नाडी सांगेल. तिच्या नाडीलाही तुम्ही काहीतरी नाव ठेवाल. आणि कौतिकाबाईला काय म्हणायचं? ती निर्दय आहे? तिनं स्वतःचं काम सोडून दर फेरीला मैत्रिणीचा खाडा वाचवला. तिच्यापाशी दया होती. पण तुम्ही तिच्या दयेला एवढीच जागा ठेवली, की मरणाऱ्याचा हात हलवून पुढे जायचं."

मग शिष्याने विचारले, "मी आता काय करू?"

"तिच्यासाठी? काही करता येणार नाही."

"आणि बाकीच्यांसाठी?"

गुरुजींनी मनगटावरचा पट्टा सोडवला. घड्याळ थरथरत होते. त्या खोलीत शिष्याच्या खुर्चीवर दुसरा कुणीतरी येऊन बसला असणार. "मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "तुला मीच शिकवलं. न्याय म्हणजे सगळ्यांना एकच माप, असंही मीच सांगितलं होतं. माप कुणाच्या हातात आहे ते सांगायचं राहिलं. ती चूक माझी. माझ्याकडे उत्तर असतं तर मी या उन्हात येऊन बसलो नसतो."

शिष्याने त्यांना रिक्षात बसवून घरी धाडले. खोलीत परतायला त्याचे पाय वळेनात. त्याला ते दोन लाल ठिपके आठवले. निदान तेवढे तरी करावे म्हणून तो नाल्याच्या दिशेने निघाला. वाटभर तो मनाशी शब्द जुळवत होता. पाणी प्या म्हणावे, सावलीत बसा म्हणावे, बरे वाटत नसेल तर सांगा म्हणावे.

नाल्याच्या कठड्यावर एक मध्यमवयीन माणूस बसला होता, खराटा आडवा, डोके दोन्ही हातांत. शिष्याची चाहूल लागताच त्याने वर पाहिले. शिष्याच्या गळ्यातले ठेक्याचे ओळखपत्र पाहिले. आणि तो असा उठला की कठड्यावरची त्याची पाण्याची बाटली नाल्यात गेली.

"आत्ताच टेकलो होतो साहेब," तो म्हणाला. "चक्कर नाही, काही नाही. आत्ताच."

"बसा तुम्ही," शिष्य म्हणाला. "मी विचारायला आलो. बरं आहे ना?"

"एकदम बरं, साहेब."

"खरंच बसा. काही होणार नाही."

त्या माणसाने हात जोडले, आणि मघाच झाडून झालेला रस्ता तो पुन्हा झाडू लागला. पाय लटपटत होते. हात मात्र जोरात चालत होता, मुद्दाम उंच, दिसेल असा. शिष्य त्याच्यामागे चार पावले गेला तेव्हा तो अधिकच वेगाने झाडू लागला. तेव्हा शिष्य थांबला. आपण जवळ असेतो हा बसणार नाही, हे त्याला कळले. आणि दूर गेलो तर याच्याकडे पाहणारे कुणी उरणार नाही, हेही कळले. ऊन डोक्यावर आले होते. तो तिथेच उभा राहिला.

ज्याच्या बोटातून वर्षभर धाक गेला, त्याच्या तोंडची विचारपूससुद्धा धाकासारखीच ऐकू येते.