वज्रलेप

"मग काय, देवीला डाव्या हाताने कुंकू वाहू?"

देवीची रोजची पूजा करणाऱ्या हेमलताने विचारले. उजव्या हातात पाण्याने भरलेली तांब्याची घागर होती. समोर गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी मठाच्या वृद्ध अधिकारी, अक्का, बसल्या होत्या.

"घागर खाली ठेव," अक्का म्हणाल्या.

हेमलताने ती ठेवली नाही.

उन्हाळ्यात तिच्या उजव्या स्तनाचा कर्करोग शस्त्रक्रियेने काढला होता. त्याबरोबर काखेतल्या गाठीही काढल्या. पुढे किरणोपचार झाले. डॉक्टरांनी बजावले होते : या हाताला सूज येऊ शकते, आणि ती मुरली तर पुरती जात नाही. हात जपा.

"जपायचा म्हणजे काय, अक्का? रोज मलम चोळा, हलका व्यायाम करा, ओझं बेताबेताने वाढवा. फुलं तोडताना हातमोजे घाला म्हणे! देवीची फुलं, हातमोजे घालून?" ती हसली. "देह खंडित झालाच आहे. खंडिताची कसली निगा?"

 अक्कांनी हात पुढे केला.

आता घागर खाली ठेवावी लागली.

अक्कांनी तिच्या मनगटावर अंगठा दाबला. खळगा पडला... तो भरून यायला वेळ लागला. कोपराखाली एक ओरखडा होता. त्याभोवतीची कातडी लाल आणि ऊन लागत होती.

"हे काय?"

"गुलाबाचा काटा. किरकोळ आहे."

"ताप?"

"काल थंडी वाजली."

"कुणाला सांगितलंस?"

"देवीला."

"ती काय म्हणाली?"

इतक्यात एक म्हातारी दर्शनाला आली. वाकली आणि हातातले दूध थेट मूर्तीवर ओतू लागली.

"अहो आजी, मूर्तीवर नको!" हेमलता ओरडली. "झिजलीय ती. वज्रलेप दिलाय. अभिषेक इथे, या धाकट्या मूर्तीवर करायचा. किती वेळा सांगायचं लोकांना!"

म्हातारी ओशाळली. दूध धाकट्या मूर्तीवर घालून, हात जोडून निघून गेली.

अक्का हेमलताकडे पाहत राहिल्या.

हेमलताची मान हळूहळू खाली गेली.

"बांगड्या काढ," अक्का म्हणाल्या.

तिने ओढून पाहिले. हिरवा चुडा मांसात रुतला होता.

"निघत नाहीत."

"मग वाढवू."

"अक्का! नवरा जिवंत आहे माझा."

"त्याला विधुर करायचं आहे का?"

अक्कांनी चुड्याखाली ओल्या फडक्याची घडी सरकवली, पानाच्या डब्यातला अडकित्ता घेतला आणि एकेक बांगडी जपून फोडली. काचा फडक्यात पडत होत्या. शेवटची फुटली तेव्हा मनगटावर वळ उरले होते, करवतीने आखल्यासारखे.

हेमलता रडत होती.

"सूज उतरेल ना?"

"हात जड वाटला त्या दिवशी गेली असतीस, तर कदाचित. आता डॉक्टर सांगतील." अक्का उठल्या. "पण हा काट्याचा विखार अंगात पसरला, तर हाताची चिंता करायला तू राहणार नाहीस. आताच निघ. तिथे सांग, सुई डाव्या हाताला टोचा."

"आणि गाभारा?"

 अक्कांनी समई तशीच तेवत ठेवली, गाभाऱ्याची दारे ओढून घेतली आणि कडी घातली. देवीला अजून कुंकू लागले नव्हते. नैवेद्य झाकलेला होता. त्या मठात असे कधी घडले नव्हते.

"अक्का... पूजा अर्धी राहिली."

"राहिलेली दवाखान्यात पुरी कर."