बाविसाव्याची पट्टी

ही गोष्ट मी यंदा नवव्यांदा सांगतोय. पाहुणे येतात, चहा पितात, डोंगराकडं बोट करून विचारतात, "आजोबा, ती उघडी पट्टी कसली?" की सगळं गाव माझ्याकडं बघतं. दुसऱ्या कुणाला तोंड नाही का? पण दुसरे चुकीचं सांगतात, म्हणून सांगतो. मधे बोलायचं नाही.

आमच्या धावरवाडीच्या डोंगरावर माथ्याच्या कातळापासून खाली उतरत गेलेली एक पट्टी आहे. एका माणसाच्या रुंदीची. दोन्ही अंगांना कमरेएवढं गवत, पट्टीत काडी नाही. तिथंच दर सोमवारी सकाळी गावातले पेन्शनर फौजी ओळीत उभे राहून गिनती देतात. पण आकडा तोंडानं काढत नाहीत. एक शेजारच्याच्या खांद्यावर हात ठेवतो, तो पुढच्याच्या. शेवटचा तेवढा बोलतो. का, ते ऐका.

समुद्रापलीकडं पहिली मोठी लढाई झाली, तेव्हा इथून पस्तीस गडी गेले, असं सांगतात. त्यांचा म्होरक्या सुभेदार आबाजी शेडगे. वेशीवर आयाबाया ओवाळत होत्या, तेव्हा त्यानं शब्द दिला म्हणे, "सगळे आणीन असं खोटं सांगत नाही. पण जेवढे आणीन, त्यातला एकही हरवू देणार नाही." चार वर्षांनी आले ते सुभेदार धरून बावीस.

दुसरा असता तर खाटेवर मिशा पिळत बसला असता. सुभेदाराला मळा होता, दोन बैलजोड्या होत्या. पण रोज उजाडताना तो कातळावर उभा राही आणि बाकीच्या एकवीस जणांना उंचीप्रमाणं ओळीत घेई. 'एक' तो स्वतः म्हणे, मग दोन, तीन, आकडा तोंडातोंडी पुढं जाई. गिनती पुरी झाली की चौकशी. कुणाची जखम चिघळली, कुणाची झोप उडाली, कुणाचा पेन्शनचा कागद तालुक्याला अडला. येसू फडतऱ्याचा एक पाय तिकडं बसऱ्याच्या लढाईत गेला होता, त्याचं रान बाकीच्यांनी नांगरून दिलं. हे सगळं त्या गिनतीतून व्हायचं.

ओळीच्या शेवटाला भिवा मदने. ठेंगणा, तोफखान्यातला. त्याच्या आधी केरू. केरूचा जबडा गोळीनं फुटलेला, म्हणून तोंडाला कायम फडकं. तर केरू फडक्यातून "एकवीस" म्हणायचा आणि भिवा गप्प. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा ओळीतून कुणीतरी म्हणालं, "बावीस झोपला वाटतं." हशा पिकला. सुभेदारही बोलून गेला, "तोफखान्यात हेच शिकवलं का रे?" भिवानं ती हसरी तोंडं बघितली आणि दुसऱ्या दिवसापासून यायचाच बंद झाला.

सुभेदार त्याच्या घरी गेला. भिवा दाराकडं पाठ करून दोर वळत होता. तीन हाका मारल्या, मान वळली नाही. सुभेदाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी केरू "एकवीस" म्हणाला आणि सुभेदारानं सांगून टाकलं, "गिनती पुरी." ओळ चपापली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्या माणसानं खोटी गिनती कधी दिली नव्हती. ती त्या दिवशी दिली, आणि ती घशात माशाच्या काट्यासारखी रुतून बसली. जेवण जाईना. पण हट्टही जाईना.

फाल्गुन लागला. एका सकाळी गिनती चालू असतानाच खालून वणवा पेटला. वाळकं गवत, वर चढणारा वारा, आग नुसती उधळली. धुराच्या लोटात उतारावर एक माणूस दिसला, हातात विळा. भिवा.

"वर ये! आवाजाच्या रोखानं वर ये!" सुभेदार ओरडला. त्याची हाक तोफांच्या वर ऐकू जायची म्हणे. भिवा मात्र धुरात चाचपडत, आवाजाकडं पाठ करून सरळ आगीकडं चालू लागला. तीच पाठ. तीच न वळणारी मान. सुभेदाराच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. साडेतीन वर्षं तोफेशेजारी उभा राहिलेला गडी, त्याचे कान तिथंच गेले होते. लाजेपायी बोलला नाही. शेजाऱ्याचे ओठ बघून आकडा सांगायचा, आणि आपण त्याच्या शेजारी फडकंवाला उभा केला.

"हाक बंद. हात द्या," सुभेदार म्हणाला. एकपाय्या येसूनं कातळ कवटाळला. दुसऱ्यानं येसूचा खांदा धरला, तिसऱ्यानं त्याचा. अशी साखळी धुरात उतरली. सगळ्यात पुढं सुभेदार.

"खांदा सोडेल त्याचं कोर्टमार्शल करीन."

"साहेब, आता पेन्शनीत कसलं कोर्टमार्शल," येसू वरून खोकत म्हणाला.

केरूचा हात सुभेदाराच्या खांद्यावर होता. साखळी ताणली, संपली. वीतभर कमी पडत होती. सुभेदार पुढं झुकला, केरूनं त्याच्या पागोट्याचं लोंबतं टोक मुठीत धरलं, आणि बोटांना खांदा लागला. भिवा दचकला. मग त्यानं तो हात ओळखला.

आग ओळीपाशी आली आणि फाटली, असं सांगतात. दोन्ही अंगांनी वर गेली, माणसांना शिवली नाही.

काळ्याठिक्कर तोंडांनी सगळे कातळावर आले. सुभेदारानं ओळ लावली, पण आकडा म्हणू दिला नाही. खांद्यावरून खांद्यावर हात गेला, केरूचा भिवाच्या खांद्यावर पडला. बहिऱ्याला आपला आवाज कळत नाही. "बावीस!" तो असा गरजला की खाली गावातल्या बाया दारात आल्या. सुभेदारानं पागोटं काढून भिवाच्या हातात दिलं. म्हणाला, "गिनती पुरी. चूक माझी." ऐकू आलं नाही, पण भिवानं ओठ बघितले.

आजही त्या पट्टीत गवत उगवत नाही. कातळापासून हाताच्या अंतरावर एकवीस माणसं उभी केली की पट्टी बरोबर भरते. बाविसाव्याची जागा तिच्या पुढं, गवतात. ती सोमवारी कुणी तुडवत नाही.

शाळेच्या मास्तरांनी पट्टीवर पोरं उभी करून मोजली आणि पाटी लावली, 'एकवीस वीरांची पट्टी'. मी म्हटलं, बावीस करा, भिवा राहिला. तर चारचौघांत मला विचारलं, "चौथी नापास माणसा, तुला गिनती येते का?" सुभेदारानं हाताखालच्या गड्यापुढं पागोटं काढलं. मी पागोटं मागत नाही. पाटी बदला आणि माफीचा एक शब्द द्या, सदाशिव येळगुडे मास्तर.