खार आणि तिचा कंठीवाला पोपट

नदीच्या वळणाला लागून सागाचं एक जंगल होतं. त्या जंगलात, एका जुन्या अर्जुनाच्या झाडाच्या ढोलीत, एक खार राहत असे. तिला तीन पिल्लं होती आणि काळजी करण्याची सवय होती. पिल्लं खाली उतरली की ती म्हणे, "पडाल!" वर चढली की म्हणे, "पडाल!" आणि ढोलीत गप्प बसली की हुंगून बघे, कोणाला बरं नाही की काय. अशा आयांना सगळे हसतात. हसू देत. तिची तिन्ही पिल्लं धडधाकट वाढली, हेही लक्षात घ्यायला हवं.

फाल्गुनात एक दिवस मोठी वावटळ आली. शेजारच्या झाडाची वाळकी फांदी मोडून पडली आणि तिच्या पोकळीतलं पोपटाचं पिल्लू खाली आलं. त्याच्या अंगावर पिसांचे नुसते कोंब होते आणि चोच अंगापेक्षा मोठी दिसत होती. पोपटांचा थवा बराच वेळ घिरट्या घालत ओरडला आणि मग निघून गेला.

"आई, आपण ठेवू या ना याला!" थोरली म्हणाली.

"मी भरवीन त्याला," मधला म्हणाला.

"मी त्याला रोज चढायला शिकवीन. रोज म्हणजे अगदी रोज, आई!" धाकटी म्हणाली आणि तिने आधीच रडायला सुरुवात केली.

झाडाच्या बुंध्याशी एका साळिंदराचं बीळ होतं. सगळे त्याला साळिंदरकाका म्हणत. काकांनी बिळातूनच विचारलं, "खारूताई, किती दिवस ठेवणार?"

"मोठा होईपर्यंत."

"आणि मग?"

"मग काय, मोठा होईल!"

मुलांनो, याला उत्तर म्हणत नाहीत, हे खारीलाही कळत होतं. पण तीन पिल्लं एकदम गळ्यात पडली की आईला याहून बरं काही सुचत नाही. पोपट ढोलीत आला.

मधल्याने त्याला चार दिवस भरवलं. थोरली आठवडाभर त्याच्या शेजारी झोपली. धाकटीने त्याला खोडावर चढायला-उतरायला शिकवलं, ते मात्र मन लावून शिकवलं. पुढे उंबरं पिकली, मग जांभळं आली, आणि पिल्लांना बाहेर इतकी कामं निघाली की पोपटाकडे बघायला कोणाला सवडच राहिली नाही. पावसाळा संपता संपता तिन्ही पिल्लं आपापल्या झाडांवर राहायला गेली. पोपट राहिला. त्याला कुठे जायचं असतं हेच माहीत नव्हतं.

आता तो आणि खार असे दोघंच उरले. ती त्याच्यासाठी उंबरं आणी, शेंगा सोलून देई. तो तिला आई म्हणे, तिच्यासारखं चिक् चिक् बोले, तिच्यासारखं डोकं खाली करून खोड उतरे. कधी पंख पसरून फांदीच्या टोकाशी गेलाच तर ती ओरडे, "पडशील रे!" तो लगेच पंख मिटून मागे येई. ती तेवढ्यापुरती निश्चिंत होई. आपण किती छान सांभाळतो आहोत, असंही तिला मधूनमधून वाटे.

अशी दोन वर्षं गेली. खारीची शेपटी विरळ झाली, दात बोथट झाले, उडी आखूड पडू लागली. पोपटही आपल्याबरोबरच म्हातारा होत असणार, असं तिने धरून ठेवलं होतं. खारींचं आयुष्य पाच-सहा वर्षांचं. सगळ्यांचंच तेवढं असेल, यापलीकडे तिने कधी विचार केला नव्हता.

तिसऱ्या वर्षी एके दिवशी तिला पोपटाच्या गळ्याभोवती काळा-लाल पट्टा दिसला. तिने चाटून बघितला, जाईना. पाला घासून बघितला, जाईना. ती धावत खाली आली.

"साळिंदरकाका, लवकर बाहेर या! त्याच्या गळ्याला काहीतरी झालंय. लाल पट्टा उठलाय, पार मानेमागून. मी त्याला परवा कच्ची चिंच दिली होती, तिने तर नसेल?"

काका बाहेर आले, वर बघितलं आणि इतके हसले की त्यांच्या अंगावरचे काटे खडखडले.

"अगं, ती कंठी आहे. पोपट वयात आला की येते. तुझा लेक तरुण झाला!"

"तरुण? आत्ता?" खार म्हणाली. "माझ्या पोरींना नातवंडं झाली, काका!"

"पोपट पंचवीस-तीस वर्षं जगतो, खारूताई. तुला ठाऊक नव्हतं?"

खारीने आपल्या शेपटीकडे बघितलं. मग वर बघितलं. कंठीवाला पोपट फांदीवर बसून तिने सोलून ठेवलेली शेंग खात होता. त्याला स्वतःला शेंग सोलता येत नव्हती. लांब उडता येत नव्हतं. आपल्याला फार तर एक-दोन वर्षं उरली आहेत, आणि याला वीस-पंचवीस. त्या वीस-पंचवीस वर्षांत याला शेंगा कोण सोलून देणार?

दुसऱ्या दिवशी ती थोरलीकडे गेली.

"आई, जरा बघ तरी इथे," थोरली म्हणाली. ढोलीत चार पिल्लं एकमेकांच्या अंगावर लोळत होती. "याला कुठे ठेवू, डोक्यावर?"

मधला नदीपलीकडे राहायला गेला होता, तो आता सापडणार नव्हता. ती धाकटीकडे गेली.

"तू म्हणाली होतीस, रोज शिकवीन, अगदी रोज."

"आई!" धाकटी चकित झाली. "मी तेव्हा केवढीशी होते! लहान मुलांचं बोलणं कोणी इतकं मनावर घेतं का?"

खरं होतं तिचं. वचन पिल्लांनी दिलं असलं तरी पोपट ढोलीत घेतला होता आईने.

परत येताना वाटेत एक साळुंकी भेटली. साळुंकीला जंगलातल्या सगळ्यांच्या घरातलं सगळं ठाऊक असे.

"एवढं काय डोक्याला लावून घेतेस?" ती म्हणाली. "सोडून दे त्याला. पाखरू आहे, आभाळात जाईल. शिवाय पुण्य लागतं. मी सगळ्यांना सांगते, तुझं मन केवढं मोठं आहे ते!"

खारीला हे फार पटलं. जे आपल्यालाही सोयीचं असतं आणि वर पुण्याचंही असतं, ते कोणालाही पटकन पटतं. तिने पोपटाला नदीकाठच्या एका उघड्या, निष्पर्ण सावरीवर नेलं. साळुंकीने बघायला आणखी चार पाखरं गोळा केली होती.

"जा बाळा," खार म्हणाली. "सगळं आभाळ तुझं आहे."

पोपटाने आभाळाकडे बघितलं. मग तिच्याकडे बघितलं. "आई, मी काय केलं?"

"काही नाही रे. तू आता मोकळा."

ती भराभर खाली उतरली आणि मागे न बघता निघाली. मागे बघितलं तर पाय निघणार नाहीत, हे तिला माहीत होतं. साळुंकी म्हणाली, "वा, वा!" बाकीच्या पाखरांनीही वा, वा केलं.

ती वीसेक पावलं गेली असेल-नसेल, तोच सगळी पाखरं एकदम ओरडून उडाली. वर शिक्रा आला होता. तो शिकारी पक्षी दिसला की पोपट थव्याने वेडीवाकडी वळणं घेत पळतात. पण या पोपटाला ते कोणी शिकवलंच नव्हतं. त्याने तेच केलं, जे त्याने आयुष्यभर आईला करताना बघितलं होतं. तो खोडाला पोट चिकटवून गप्प पडून राहिला. खार असं करते तेव्हा तिचे पट्टे सालीत मिसळून जातात. हा मात्र करड्या खोडावर हिरवागार चिकटलेला, गळ्यात लाल कंठी घालून. अर्ध्या जंगलाला दिसत होता.

शिक्रा वळला. खार जीव खाऊन परत धावली. खोडावर चढली आणि कर्कश ओरडत शिक्र्याच्या समोरच्या फांदीवर जाऊन उभी राहिली. शिक्रा ऐनवेळी पोपटाला सोडून तिच्यावर आला. ती फांदीखाली गेली, पण अर्धी शेपटी त्याच्या नखात राहिली. एवढ्याशा केसाळ तुकड्यात शिक्र्याचं भागलं नसेल, पण तो निघून गेला खरा.

पोपट अजून तसाच चिकटून होता. "आई," तो डोळे मिटून म्हणाला, "मी हललो नाही. बरोबर केलं ना?"

खार त्याच्या शेजारी बसली. तिला धाप लागली होती.

"तू बरोबर केलंस," ती म्हणाली. "मी चुकीचं शिकवलं. आणि आज तर मी तुला सोडत नव्हते रे, टाकून देत होते. चल घरी."

घरी जाऊन मात्र ती थांबली नाही. जंगलाच्या दुसऱ्या टोकाला एक मोठा वड होता. संध्याकाळी पोपटांचे थवे तिथे मुक्कामाला येत. खारीने आयुष्यभराची ढोली सोडली आणि त्या वडाच्या एका लहानशा भोकात बिऱ्हाड केलं. तिथे गोंगाट इतका की स्वतःचा विचारही ऐकू येऊ नये. पहिल्याच संध्याकाळी सगळ्या पोपटिणी जमल्या.

"अगंबाई, ही कोण? शेपटीवाली आई?"

"अर्धीच शेपटी आहे!"

"आणि हा बघा, उलटा काय उतरतो! अरे, एवढा घोडा झालास, उडता येत नाही तुला?"

"चिक्," पोपट म्हणाला. त्यावर अख्खा वड हसला.

खार खाली मान घालून ऐकत राहिली. तिला परत जावंसं वाटत होतं, पण ती गेली नाही. सगळ्यांचं हसून झाल्यावर ती म्हणाली, "याला मी वाढवलं आणि अर्धवट वाढवलं. बाकीचं मला येत नाही. तुम्हाला येतं. शिकवाल का?"

थव्यातल्या एका म्हाताऱ्या पोपटिणीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "शिकवू," ती म्हणाली. "पण एक अट आहे. तो उडत असताना तू खाली उभी राहून 'पडशील' म्हणायचं नाही."

"आणि पडला तर?"

"पडेलच."

ही अट पाळणं शिक्र्यासमोर उभं राहण्यापेक्षा अवघड गेलं. पोपट फांदीच्या टोकाशी गेला की खार तोंडात अख्खं उंबर कोंबून बसे, शब्द बाहेर पडू नये म्हणून. पहिल्या महिन्यात पोपट अकरा वेळा पडला आणि खारीला उंबरांचा वीट आला. दुसऱ्या महिन्यात तो वडापासून नदीपर्यंत गेला आणि परत आला. हिवाळा सरता सरता तो थव्याबरोबर लांबच्या शेतांवर जाऊ लागला. शेंग सोलायलाही शिकला, आणि आईच्या समोर मुद्दाम सावकाश सोलून दाखवू लागला.

संध्याकाळी मात्र तो तिच्याच भोकाच्या तोंडाशी झोपायला येई. "असू दे," म्हातारी पोपटीण खारीला म्हणाली. "आम्ही एकदा कोणाला आपलं म्हटलं की सोडत नाही. ते तू त्याला नाही शिकवलंस, ते आमच्याकडचंच आहे."

तो यायच्या वेळी खार भोकाबाहेर बसून आभाळातले हिरवे ठिपके न्याहाळत राही. तो दिसेपर्यंत तिच्या जिवात जीव नसे. एके संध्याकाळी थव्याला उशीर झाला. सूर्य पार खाली गेला तेव्हा पोपट वडावर उतरला. बघतो तर आई बाहेर नाही.

"आई?"

त्याने घाबरून आत डोकं घातलं. खार अर्धी शेपटी नाकावर घेऊन गाढ झोपली होती. तो घरी यायच्या आधी तिला झोप लागल्याची ही पहिलीच वेळ. त्याने तिला उठवलं नाही.

पुढच्या थंडीत खार गेली. पोपट दोन दिवस त्या भोकाच्या तोंडाशी बसून राहिला, काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी थवा उडाला, पण लगेच वळून परत आला. सगळे त्याच्याभोवतीच्या फांद्यांवर बसले आणि त्याला हाका मारू लागले. तो उठेपर्यंत कोणी हललं नाही. मग तो उठला आणि त्यांच्याबरोबर गेला. त्याची अजून वीस-बावीस वर्षं जायची होती.

तात्पर्य : जीव पाळताना आपली हौस किती टिकेल ते पाहू नये, त्याचं आयुष्य किती आहे ते पाहावं, आणि ते आपल्यापेक्षा मोठं निघालं, तर आपण नसू तेव्हाची सोय आपण असतानाच करावी.