शिंगट्यांच्या तळ्यातला जाड आवाज

एका तळ्यात शिंगटे नावाचे बोटभर मासे राहत. त्यांच्या कल्ल्यामागे काटा असतो. तो घासला की घुर्र असा आवाज निघतो. दोघांना एकच कपार हवी असली, की ते समोरासमोर येऊन घुरत. अंग जेवढं मोठं, तेवढी घुर जाड; ज्याची घुर बारीक, तो मुकाट्याने निघून जाई. कोणाची शेपूट फाटत नसे. पुढारीही असाच निवडत. अंगाने सगळ्यांत मोठे घोगरेआप्पा दरवेळी निवडून येत.

एका निवडणुकीला टिचकू नावाचा अर्ध्या बोटाचा शिंगटा उभा राहिला. तळाशी कोणाची तरी बुडालेली घागर होती. टिचकू तिच्यात शिरला आणि घुरला. तळं हादरलं.

"एवढा मोठा कधी झाला हा?" म्हणत आप्पा मागे सरले. आत डोकावायला कोणी धजलं नाही; सगळ्यांनी टिचकूलाच मत दिलं.

घागरीतून टिचकूरावांचं पहिलं भाषण झालं. "बंधूंनो, शेवाळ सर्वांचं आहे. म्हणून ते माझ्या दारात ठेवा. आणि तळ्यात शांतता नांदावी, यासाठी यापुढे फक्त मी घुरेन."

घुर बंद झाली. मग कोण मोठा, कोण लहान, हे कळायला चावण्याखेरीज मार्ग उरला नाही. आठ दिवसांत एकही शेपूट धड राहिली नाही. टिचकूरावांनी जाहीर केलं, "गेल्या आठ दिवसांत एकाही भांडणाचा आवाज आलेला नाही." लोकांनी उरलेल्या परांनी टाळ्या वाजवल्या.

ठकूमावशी जन्माची बहिरी. तिला ना हुकूम ऐकू आला, ना भाषण. तिला भूक मात्र लागली होती. ती घागरीपाशी आली आणि शेवाळ खाऊ लागली.

"मागे व्हा!" टिचकूराव घुरले. मावशी खात राहिली. ते आणखी जोरात घुरले. खात खात मावशी घागरीच्या तोंडाशी पोचली आणि तिने आत पाहिलं.

"अगं बाई, टिचकू होय! अडकलास का रे?"

तो खरंच अडकला होता. शेवाळ खाऊन पोट सुटलं होतं.

"धावा रे, लेकरू अडकलंय!" मावशी ओरडली. सगळे जमले. आप्पांनी शेपूट धरून ओढलं, तसा टिचकू बुळकन बाहेर आला. त्याने सर्वांकडे रागाने पाहिलं आणि घुरून दाखवलं.

"चिर्र."



आज त्या तळ्यात कोणालाही विचारा, टिचकूला मत दिलेला एकही मासा सापडत नाही.